हात कुठं ठेवू?

“ताई, हात कुठं ठेवू?”

लग्नसराईत हा प्रश्न मला जितक्या वेळा ऐकू येतो तितका दुसरा कुठलाच येत नाही. विचारणारा बहुतेक वेळा नवरामुलगा असतो. चांगला उंचापुरा, दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारा, गावच्या पालखीला खांदा देणारा गडी. कॅमेरा समोर आला की त्याचे स्वतःचेच दोन हात त्याला जड होतात. खिशात घालतो, काढतो. पाठीमागे बांधतो, पुन्हा पुढं घेतो. शेवटी शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसा ताठ उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो. त्या बघण्यात विनवणी असते. ती मला आता लांबूनही ओळखता येते.

मी सांगलीत लग्नांचे फोटो काढते. सोळा वर्षं झाली. गावभागात मामांचा स्टुडिओ होता, तिथं पासपोर्ट फोटो कापण्यापासून सुरुवात केली. सुरुवातीच्या काळात या प्रश्नाचं उत्तर माझं पाठ होतं. डावा हात खिशात, अंगठा बाहेर. उजवा तिच्या खांद्यावर. मान जरा कलती, हनुवटी खाली, हं, आता हसा. सांगितलं तसं ते बिचारे करायचे. फोटो स्वच्छ यायचा, आणि त्यात कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखी दोन माणसं उभी असायची. घरच्यांना तो आवडायचा, त्याची फ्रेमही व्हायची. मला मात्र त्या फोटोंकडे पाहिलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. काय राहिलं ते कळायला बरीच वर्षं गेली.

कळलं ते एका द्राक्षबागेत.

मुलगा तासगाव तालुक्यातला, घरची दोन एकर बाग. मुलगी मिरजेत एका दवाखान्यात नर्स. तिच्या ड्युट्या आणि त्याची बाग सांभाळून लग्न ठरल्यापासून दोघं जेमतेम चार वेळा भेटलेले, तेही घरच्यांच्या देखत. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि यांची तारीख मार्गशीर्षातली. प्री-वेडिंगचा हट्ट मुलीच्या धाकट्या बहिणीचा. जागाही तिनंच निवडलेली, हरिपूरचा संगम. कृष्णेला वारणा मिळते तो घाट, वर संगमेश्वराचं देऊळ, हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं. जागा देखणी आहे, यात वादच नाही.

पण सकाळी सातला तिथं गाव जागं असतं. देवळात आलेली म्हातारी माणसं, पोहायला आलेली पोरं, धुणं घेऊन आलेल्या बायका. सगळे थांबून बघायला लागले. बघण्यात वाईट काहीच नव्हतं, उलट कौतुकच होतं. तरी तो मुलगा आतल्या आत आक्रसत गेला. “जरा जवळ या” म्हटलं की तो एक पाऊल सरकायचा आणि तीही तेवढंच मागं जायची. मधलं अंतर काही केल्या कमी होईना. दर पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजत होता, कारण बागेत विरळणीला बायका आल्या होत्या आणि मालक जागेवर नव्हता. पाऊण तासात मी जे काही काढलं त्यातलं एकही ठेवण्यासारखं नव्हतं. तो तिसऱ्यांदा म्हणाला, “ताई, मला नाही जमत हे. हात कुठं ठेवू तेच कळंना.”

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि विचारलं, “बाग किती लांब आहे?”

गाडीत कोणी फारसं बोललं नाही. बहीण हिरमुसली होती. बागेत पोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. द्राक्षाच्या मांडवाखाली उजेड कसा असतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. वरून पानं, त्यातून गाळून येणारं ऊन, खाली गार माती. तो गाडीतून उतरला तो थेट बायकांकडे गेला, दोन घड हातात घेऊन पाहिले, काहीतरी सांगितलं आणि मग आम्ही आलोय हे आठवून परत फिरला. बूट बांधावर काढून ठेवले होते. तोच मुलगा, पण चालायची ढब पार वेगळी.

“मला विरळणी म्हणजे काय ते दाखवा की,” मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

तो सांगायला लागला. ऑक्टोबरची छाटणी झाली की घड निघतात, त्यात मणी दाटीनं धरतात. सगळे ठेवले तर कुणालाच फुगायला जागा मिळत नाही. म्हणून घडातल्या काही पाकळ्या, म्हणजे मण्यांचे छोटे झुबके, बारीक कात्रीनं काढायच्या. किती काढायच्या हे डोळ्याला कळतं. बोलता बोलता त्यानं खिशातली कात्री काढली. मी तिला म्हणाले, “तुम्ही करून बघा.” तिनं कात्री घेतली ती अशी, की मी बघतच राहिले. रोज टाके काढणाऱ्या, सलाईन लावणाऱ्या हातांना कात्री काय नवी? डाव्या हातात घड अलगद तोलून धरला आणि कच्चकन एक पाकळी काढली. मग दुसरी. मग तिसरी.

“एवढी नगं,” तो म्हणाला, “घड पोकळ पडतो,” आणि त्यानं तिचं मनगट धरून कात्री जरा वर सरकवली. “हितनं.”

त्या दिवसात पहिल्यांदाच त्यानं तिला हात लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं. ते दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण दोघंही एकदम गप्प झाले. हात मात्र तिथंच राहिला आणि पुढची पाकळी दोघांनी मिळून कापली. मी चार-पाच रोपं सोडून पलीकडच्या ओळीत वाकून उभी होते, ८५ मिलिमीटरची लेन्स लावून. त्या लेन्सनं लांबूनही चेहरा भरून मिळतो आणि माझं अस्तित्व त्यांच्या अंगावर येत नाही. वीस-बावीस फोटो निघाले. एकात तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आहे आणि नजर घडावर आहे. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पानाची सावली आहे. दोघांचेही हात अगदी जागच्या जागी.

त्या संध्याकाळी मी मामांच्या कपाटातले जुने फोटो काढून बसले. स्टुडिओत काढलेली जोडपी, आमच्या घरातली आणि गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेली. नवरा खुर्चीत, बायको बाजूला उभी, तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. नाहीतर दोघांच्या मध्ये तिवई, तिवईवर फुलदाणी, एखाद्याच्या हातात पुस्तक, एखाद्याच्या हातात काठी. लहानपणी मला हे फार कृत्रिम वाटायचं. त्यामागं कारण आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर नावाच्या माणसाची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका फोटोला मिनिटामिनिटांचा वेळ लागायचा. माणूस हलला की फोटो गेला. म्हणून डोक्यामागं लोखंडी आधार लावायचे आणि हात कशावर तरी टेकवून ठेवायचे. पुढं काचा आणि फिल्म वेगवान झाल्या, लोखंडी आधार गेला, पण खुर्ची आणि तिवई राहिली. मला वाटतं, त्या जुन्या फोटोवाल्यांना हे अनुभवानं कळलेलं असणार की रिकामा हात माणसाला बावचळून टाकतो. त्याला खुर्चीची पाठ मिळाली की निदान खांदे तरी खाली येतात.

आता मी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला अधिकार नाही.

धंद्यात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका लग्नात नवरीमुलगी ओठ मिटूनच हसत होती. मला वाटलं, लाजतेय. कार्यालय भरलेलं, समोर पाहुणे, आणि मी स्टेजखालून मोठ्यानं ओरडले, “ताई, दात दिसू देत की! मोकळं हसा!” करवल्या खळखळून हसल्या. कुणीतरी मागून काहीतरी बोललं, ते मला ऐकू आलं नाही, तिला आलं. तिचे पुढचे दोन दात जरा पुढं होते. जन्मभर तिनं ते झाकले होते आणि मी भर मांडवात त्यांच्यावर बोट ठेवलं. त्यानंतर दिवसभर तिच्या हातात रुमाल होता आणि रुमाल तोंडावर. अल्बम न्यायला आली तेव्हाही एका हातानं पानं उलटत होती, दुसरा हात रुमालासकट ओठांपाशी. “छान आलेत,” म्हणाली, राहिलेले पैसे दिले आणि गेली. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हा मागायचं सुचलं नाही आणि नंतर ती भेटली नाही.

तेव्हापासून मी कुणालाही “हसा” म्हणत नाही. त्याला शरीराचीही साथ आहे. द्युशेन नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं दाखवून दिलं की खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो आणि तो आपण म्हटलं म्हणून सहजासहजी हलत नाही. ओठ हुकूम ऐकतात, डोळे ऐकत नाहीत. म्हणजे “हसा” हा हुकूम पाळणं समोरच्याला सहसा जमत नाही. आपण त्याला न जमणारी गोष्ट करायला सांगतो आणि वर जमली नाही म्हणून पुन्हा सांगतो.

आता पहिल्या भेटीत, कामाची सुपारी ठरायच्या आधीच, मी दोघांना वेगवेगळं बसवून एकच विचारते. तुमचा कुठला फोटो तुम्हाला अजिबात आवडत नाही, आणि का? लोक फोनमधून शोधून दाखवतात. त्यातून सगळं कळतं. गालावरचा डाग, उडालेले केस, तिच्यापेक्षा बोटभर कमी असलेली उंची, दोन हनुवट्या. मी ते ऐकते आणि परत कधीही तोंडातून काढत नाही. उजेड कुठून घ्यायचा, कोण पुढं उभं राहील, कुणाला पायरीवर घ्यायचं, हे माझं मी बघते. त्यांना एवढंच कळावं की हे ओझं आता दुसऱ्या कुणीतरी उचललं आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गंमतशीर गोष्ट घडते. नवरी तयार होते, आरशात बघते, खूश असते. मी पहिला फोटो दाखवला की चेहरा उतरतो. “मी अशी दिसते?” मला पूर्वी वाईट वाटायचं. मग एका मुलीनं सांगितलं, “नथ दुसऱ्याच बाजूला दिसतेय.” नथ डाव्या नाकपुडीत. आरशात ती डाव्या हाताला दिसते, फोटोत उजव्या हाताला. स्वतःचा चेहरा आपण जन्मभर आरशातच पाहिलेला असतो, आणि कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. अमेरिकेत १९७७ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी मुलींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटवलेला. मुलींचा कल आरशातल्या चेहऱ्याकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ फोटोकडे. ज्याला जे रोज दिसतं ते आवडतं. म्हणून आता मी तो फोटो मोबाइलवर उलटा करून दाखवते. “ही बघा तुम्ही.” चेहरा लगेच सैल पडतो. मग म्हणते, “आणि हा पहिला, तुमच्या आईला रोज दिसता तशा.” इतकंच पुरतं.

बुजण्याला आपल्याकडे दोष मानायची एक घाई झाली आहे. फोटोवालेच नवरा-नवरीला सांगतात, लाजू नका, मोकळे व्हा, कपाळावर ओठ टेकवा, उचलून घ्या. समोर मुलीचे वडील खुर्चीत बसलेले असतात. आमच्या भागात वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको सोफ्यावरसुद्धा अंतर ठेवून बसतात. ती त्यांची मर्यादा आहे, त्यांच्या घरची रीत आहे. ती मोडून काढलेला फोटो त्यांच्या भिंतीवर लागणार नाही आणि लागू नये. ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल करावं, मी काढून देईन. पण ज्याला नको आहे त्याच्याकडून ते करून घेणं मला जबरदस्ती वाटते, आणि प्री-वेडिंग नकोच म्हणणाऱ्यांना मी अगदी मनापासून “बरं” म्हणते.

खरं सांगायचं तर आपल्या लग्नविधींनी या बुजऱ्यांची फार जुन्या काळापासून काळजी घेतली आहे. हे मला गुडघ्यावर बसून, व्ह्यूफाइंडरमधून बघता बघता उमगत गेलं. दोघांना एकमेकांसमोर उभं करायचं, पण मध्ये अंतरपाट. मंगलाष्टकं संपेपर्यंत कापडाकडे बघा, पायाकडे बघा, कुणी काही म्हणणार नाही. हातात हार दिलेला, म्हणजे हातांची चिंता मिटली. नवरीमागं मामा उभा, पाठीला आधार. अंतरपाट खाली येतो तेव्हा शंभर जणांच्या अक्षता एकदम पडतात, आणि त्या पावसात दोघं एकमेकांकडे पहिल्यांदा बघतात ते डोळे किलकिले करून. यापेक्षा दयाळू योजना कुणाला सुचली असती?

पुढंही तेच. लाजाहोमाला तिची ओंजळ, खाली त्याची ओंजळ, भाऊ लाह्या घालतो. सप्तपदीला तांदळाच्या सात राशी, आणि पदर-उपरण्याची गाठ सांभाळत चालायचं. गाठ ओढली जाऊ नये म्हणून त्याला तिच्या पावलाकडे बघावंच लागतं. तिनं कितव्या राशीवर पाऊल ठेवलं हे मोजताना त्याचे ओठ हलतात, तो फोटो मी दर लग्नात काढते. आणि कानपिळी! नवरीचा भाऊ कान धरतो तेव्हा अवघडलेला नवरा मी आजवर पाहिलेला नाही. पूर्ण विधींमध्ये कुठंही दोघांना रिकाम्या हातानं नुसतं उभं केलेलं नाही. ते आपण नंतर आणलं, स्वागत समारंभाचं स्टेज बांधून. तिथं तीन-तीन तास उभे राहतात, हजारभर माणसांना नमस्कार करतात, आणि त्यातले हात रिकामे असतात तेवढे क्षण त्यांना खायला उठतात.

म्हणून मी विधींच्या मध्ये पडत नाही. मंगळसूत्र घालताना “गुरुजी, थांबा, पुन्हा एकदा” असं म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. त्याच्या बोटांना ते हूक सापडत नसतं, मागून करवली केस वर धरते, तो जीभ दाताखाली धरून झटत असतो. ते एकदाच होतं. दुसऱ्यांदा करायला लावलं की तो अभिनय करायला लागतो आणि त्याला अभिनय येत नाही म्हणूनच तर तो बुजलेला असतो. माझ्याकडून तो क्षण सुटला तर तो माझा दोष. मूक शटर वापरून बघितलं, आवाज नको म्हणून. पण कार्यालयातल्या काही एलईडी दिव्यांखाली त्यानं फोटोत पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि कॅमेरा ते पकडतो. तेव्हा तिथं साधं शटरच बरं. मी एक दिवस आधी घरी जाते, बांगड्या भरायच्या कार्यक्रमात बसते, चहा घेते, कॅमेरा गळ्यात असतो आणि अधूनमधून उगाचच वाजतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या आवाजाची सवय होऊन जाते.

स्टेजवर मात्र काम द्यावं लागतं. “तिच्या हाराची जर मंगळसूत्रात अडकलीय, बघा जरा.” “त्यांची मुंडावळी सरकलीय.” यात खोटं काही सांगावं लागत नाही. जड शालू, दोन हार, मुंडावळ्या, बाशिंग, एवढ्यात नेहमीच काहीतरी अडकलेलं असतं. तो बघायला वाकतो, तीन बोटांनी जर सोडवतो, ती मान वर करून थांबते. आणि दर लग्नात एक काका असतात, खुर्चीतून “अगं, हस की!” म्हणून ओरडणारे. त्यांच्या हातात मी चेहऱ्यावर उजेड परतवणारा रिफ्लेक्टर देते. ते मनापासून धरतात.

हळदीचं मला फार काही सांगावं लागत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षं साठवायचे, २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. इथं हळद लावायला कुणाला शिकवावं लागत नाही आणि हळदीनं माखलेला माणूस कॅमेऱ्याला भीत नाही. कुणाला तरी तोंड लपवायला जागा मिळालेली असते. मी एवढंच बघते की मांडवाचं कापड पिवळं नको, नाहीतर सगळे चेहरे काविळीचे येतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागात पाणी दिवसेंदिवस उभं होतं. ओसरल्यावर लोकांनी घरं धुतली, धान्य फेकलं, आणि मग हळूहळू मामांच्या स्टुडिओत अल्बम यायला लागले. स्टुडिओतही चिखलच होता, पण लोकांना वाटलं, फोटोचं काम आहे, तर इथंच न्यावं. ओले फोटो एकमेकांना चिकटतात. ते ओढायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, आपोआप सुटू द्यायचे, मग चेहरा वर करून सावलीत वाळवायचे. स्टुडिओच्या गच्चीखालच्या खोलीत आम्ही दोऱ्या बांधल्या आणि जमिनीवर चादरी अंथरल्या. कितीतरी घरांची लग्नं तिथं शेजारी-शेजारी वाळत होती. नव्या छपाईच्या बऱ्याच फोटोंचे रंग धुऊन गेले. जुने कृष्णधवल मात्र पाण्यातून निघाले.

एक आजी आल्या, काळ्या जाड पानांचा अल्बम घेऊन. लग्न १९८१ चं. यजमान चार वर्षांपूर्वी गेलेले. पाण्यातून एकेक फोटो सुटत होता तसा त्या बघत होत्या आणि बाजूला सारत होत्या. प्रत्येक फोटोत यजमान कुठंतरी अर्धे. मान खाली, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड, नाहीतर नेमके वळलेले. “ह्यांना आवडायचंच नाही,” त्या म्हणाल्या, “फोटोवाला आला की पाणी प्यायला जायचे.” मग एक फोटो सुटला. पंगतीतला. आजींच्या पदराचं टोक पाटाखाली अडकलेलं, आणि नवरदेव वाकून पाट एका हातानं उचलून दुसऱ्यानं ते सोडवतायत. चेहरा पूर्ण दिसतो. कपाळावर आठी, लक्ष सगळं पदरात.

आजींनी तो ओलाच उचलला. मी म्हणाले, “आजी, वाळू दे, डाग पडतील.” त्या म्हणाल्या, “पडू देत. घरात असायचे ना, ते हे असे.”

कुणी काढला असेल तो? मागचा शिक्का पाण्यानं गेला होता. सगळे नवरा-नवरीला “इकडे बघा” म्हणत असताना हा गृहस्थ पंगतीच्या टोकाला थांबून राहिला असणार, जेवण सोडून. मी त्याला कधी भेटणार नाही, पण दर लग्नात पंगत बसली की मला त्याची आठवण होते आणि मी जेवायला शेवटी बसते.

द्राक्षबागेतल्या त्या जोडप्याचं लग्न मार्गशीर्षात ठरल्याप्रमाणे झालं. अल्बम तयार व्हायला मार्च उजाडला. मुलानं फोनवर सांगितलं, शेडवर आणा, बेदाण्याचं काम चालू आहे, मला हलता येणार नाही. मी गेले तेव्हा क्रेटमधले घड, लवकर वाळावेत म्हणून, डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढून जाळ्यांवर पसरायचं चाललं होतं. त्या जाळ्यांवर पंधरा दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो. शेडमध्ये गोड, आंबूस वास भरलेला. तीही होती, ड्युटी संपवून आलेली, साडीचा पदर खोचून.

“ताई, ठेवा तिथं,” तो म्हणाला, “माझे हात बरबटल्यात.”

मग त्याला राहवलं नाही. तो जवळ आला, दोन्ही कोपरं बाहेर, तेलकट हात अंगापासून लांब धरून, आणि मान पुढं काढून बघायला लागला. तिनं अल्बम दोन क्रेटवर टेकवून उघडला. विरळणीचा फोटो आला तेव्हा दोघंही काही बोलले नाहीत. शेडवरच्या दोन बायका हात पुसत मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, “ह्यो कवा काढला?”

त्याला सांगता आलं नाही. तिलाही नाही.

“उलट की,” तो तिला म्हणाला, आणि तिनं पान उलटलं.